झायनचा बोगदा

रस्त्याचा इतिहास सांगताना तो कोणत्या साली खुला झाला आणि त्यावर किती पैसा खर्ची पडला, एवढे सांगून लोक मोकळे होतात. तो कोणाच्या हातांनी झाला, हे विचारायचे राहून जाते. आमची सारी उमर कामगारांत गेली असल्यामुळे आमच्या मनात तो प्रश्न आधी येतो, एवढेच.

अमेरिकेतील युटा राज्यात झायन नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. उद्यान म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे फुलझाडे येतात. येथे मात्र रखरखीत मुलुख, तांबडे-पांढरे उभे कडे आणि व्हर्जिन नदीने कोरलेली खोल दरी आहे. १९१९ साली या प्रदेशाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. परंतु दरीत शिरलेल्या माणसाला पूर्वेकडे बाहेर पडण्यास वाट नव्हती. कडा आडवा उभा. पलीकडे ब्राइस कॅनियन आणि ग्रँड कॅनियन ही प्रसिद्ध स्थळे. ती एका फेरीत पाहता यावीत अशी सरकारची इच्छा होती, आणि प्रवासी हवे असलेल्या युनियन पॅसिफिक रेल्वे कंपनीचीही होती. म्हणून १९२७ साली सुमारे २५ मैलांच्या रस्त्याचे काम निघाले. त्यातला सर्वांत अवघड तुकडा म्हणजे हा बोगदा. लांबी ५,६१३ फूट, म्हणजे मैलाहून थोडी अधिक.

बोगदा दोन्ही तोंडांकडून खणत जायचा आणि मध्ये भेटायचे, अशी आपली सर्वसाधारण समजूत. येथली युक्ती निराळी होती. हा बोगदा कड्याच्या दर्शनी भिंतीच्या थोडा आतून, तिला धरून जातो. म्हणून कामगार शिड्या लावून आणि परांची बांधून थेट कड्यावर चढले. भिंतीला बाहेरून भोके पाडून आत शिरले, आणि तेथून खोदत निघाले. सुरुंगाने फुटलेला दगड त्याच भोकांतून खाली पाइन क्रीकच्या घळीत लोटून देत. पुढे ही भोके बोगद्याचे झरोके झाली. हवा-उजेड त्यांतूनच येऊ लागला. सुरुवातीच्या काळात प्रवासी तेथे मोटार उभी करून दरीची शोभा पाहत. ज्या भोकातून मजुराने दगड लोटला, त्याच भोकातून प्रवाशाने निसर्गसौंदर्य पाहिले!

४ जुलै १९३० रोजी उद्घाटन झाले. राज्याराज्यांचे गव्हर्नर हजर होते. या कामात दोन कामगारांना प्राणास मुकावे लागले.

भाच्याच्या मोटारीतून आम्ही हा बोगदा दोन-तीन मिनिटांत ओलांडला आणि मन चुटपुटले. पायी जाऊ द्यावे, अशी आम्ही तेथील रक्षकाला विनंती केली. त्याने हसून नकार दिला. पायी चालणारे आणि सायकलवाले यांना आत मनाई आहे. आत दिवे नाहीत, रस्ता अरुंद आहे, आणि १९३० च्या मोटारींच्या मापाने आखलेल्या वळणांवर मोठी गाडी मधली रेषा ओलांडते. त्यासाठीच १९८९ साली दोन्ही तोंडांशी माणसे उभी करून मोठ्या गाड्यांसाठी समोरची वाहतूक थांबवण्याची पद्धत सुरू झाली. ज्याने कामावरील सुरक्षिततेचे नियम मागण्यात हयात घालवली, त्याने असा नियम मोडण्याचा हट्ट धरू नये. आम्ही मुकाट्याने पूर्वेकडच्या तोंडाजवळून निघणारी पायवाट धरली, दरीच्या काठावर जाऊन बसलो आणि खालच्या रस्त्याची नागमोडी वळणे पाहत बोगदा मनातल्या मनात पायी चाललो.

त्या चालण्यात एक गोष्ट ध्यानात आली. हा खडक वालुकाश्म आहे. प्राचीन वाळवंटातील वाळूच्या टेकड्या दबून झालेला, आणि म्हणून ठिसूळ. १९५८ साली आतला एक खांब कोसळला आणि रस्ता काही आठवडे बंद पडला. तेव्हापासून खडकाची हालचाल टिपणारी यंत्रे बसवून त्यावर चोवीस तास नजर ठेवण्याची व्यवस्था झाली. संपूर्ण बोगद्याला काँक्रीटचा आधार आहे. दगडाची एवढी काळजी घेतली गेली, हे चांगलेच झाले.

पण अशाच खडकाची धूळ माणसाच्या छातीत गेली तर काय होते? झायनचा बोगदा खुला झाला त्याच १९३० साली वेस्ट व्हर्जिनियात हॉक्स नेस्ट येथे दुसरा बोगदा सुरू झाला. तेथील खडकात सिलिका फार. पाणी न मारता कोरडे खोदकाम झाले, मजुरांना मुखवटे मिळाले नाहीत, आणि शेकडो माणसे फुफ्फुसाच्या रोगाने मेली. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. अमेरिकन काँग्रेसपुढे त्याची चौकशी व्हायला १९३६ साल उजाडले. संघटना करण्याचा हक्क देणारा वॅग्नर कायदा आदल्याच वर्षी, म्हणजे १९३५ साली झाला होता. तात्पर्य, हे दोन्ही बोगदे सुरू झाले तेव्हा त्या कायद्याचे छत्र मजुराच्या डोक्यावर नव्हते.

खडकाला तडा गेला तर रस्ता बंद होतो, म्हणून खडकाची नाडी पाहण्याची सोय लवकर होते. मजुराची छाती बंद पडली तर रस्ता चालूच राहतो. दुसरा मजूर मिळतो. म्हणून त्याची नाडी पाहायला कायदा लागतो, आणि कायदा यायला संघटना लागते.

बोगद्यातून जाताना झरोक्यातून क्षणभर उजेड अंगावर येतो आणि पुन्हा काळोख होतो. त्या क्षणात दरी दिसते, ती अवश्य पाहावी. पण झरोक्याची कडही पाहावी. तेथे प्रथम एक माणूस शिडीवर उभा होता.