तांब्याचा हिशेब

विजेच्या दिव्याचा इतिहास सांगताना काचेच्या फुग्यात कोणता तंतू टिकला, एवढ्यावरच आपण थांबतो. पण १८७८-७९ मध्ये अमेरिकेतल्या एडिसनच्या मेन्लो पार्क प्रयोगशाळेत त्या तंतूचं भवितव्य ठरलं ते कागदावर, तांब्याच्या हिशेबात. त्याला लागणारं गणित काही नवं नव्हतं. विद्युतदाबाला धारेने भागलं की रोध मिळतो, हे ओहमने १८२७ मध्येच मांडलं होतं. तारेतली उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे १८४१ पर्यंत जूलने दाखवलं होतं. तरीही ब्रिटिश टपाल खात्याचे विद्युततज्ज्ञ विल्यम प्रीस यांनी १८७९ मध्ये विजेचा उजेड घरोघर वाटण्याची कल्पना मृगजळ ठरवली, आणि तीही याच सूत्रांच्या आधारे! दिव्यांची संख्या वाढली की प्रत्येकाचा उजेड त्याहून कितीतरी वेगाने घटेल, असा त्यांचा हिशेब. त्यांची आकडेमोड चुकली नव्हती. कोणती राशी कायम धरायची आणि कोणती बदलायची, एवढ्यावरच सगळं अडलं होतं.

एडिसनने दिव्यावरचा दाब कायम धरला, दिवे समांतर जोडले आणि बदलला तो दिव्याचा रोध. आजच्या एककांत पाहू (वॉट तेव्हा रुळलाही नव्हता). १०० वॉटचा दिवा १० व्होल्टवर चालवला तर धारा १० अँपिअर, रोध अवघा १ ओहम. तोच १०० व्होल्टवर चालवला तर धारा १ अँपिअर आणि रोध १०० ओहम. उजेड तेवढाच, पण त्याच तारेतला अपव्यय पहिल्या दिव्यापायी शंभरपट होतो. तो आवरायचा तर तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ शंभरपट हवं, म्हणजे रस्त्याखाली शंभरपट तांबं पुरायला हवं. एवढा खर्च करून गॅसबत्तीशी स्पर्धा कोण करणार? म्हणून जास्त रोधासाठी शिवणाच्या सुती दोऱ्याचा कोळसा करून केलेला तो बारीक, नाजूक तंतू. त्याचा बारीकपणा ठरवला तो तांब्याच्या भावाने.

यावर कोणी म्हणेल, उत्तम निर्वात पंप नसता तर असा तंतू क्षणात जळून गेला असता; मग श्रेय पंपाला का नको? जरूर द्यावं. पण तशा पंपाचा लाभ इंग्लंडात विजेच्या दिव्यावरच काम करणाऱ्या स्वानलाही मिळाला होता, आणि १८७९ च्या आरंभी त्याने दाखवलेल्या दिव्यात कमी रोधाची जाडसर कार्बन कांडी होती. पंपाने तंतू टिकवला. तो बारीक का हवा, हे पंप सांगत नव्हता. एडिसनला स्वतःला गणित फारसं येत नव्हतं, हा दुसरा आक्षेप खराच आहे. बर्लिनला हेल्महोल्ट्झकडे शिकून आलेल्या फ्रान्सिस अप्टनला त्याने हाताशी धरलं ते त्यासाठीच. चरित्रकारांनी अप्टनला कोपऱ्यात बसवलं, हा अन्यायच.

४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कचं पर्ल स्ट्रीट केंद्र सुरू झालं, साधारण ११० व्होल्टवर. दाब एवढाच असल्याने मैलभरापलीकडे वीज नेली की तांब्याचा खर्च पुन्हा हाताबाहेर जाई. दाब आणखी वाढवा, हेच त्याच सूत्राचं पुढचं सांगणं होतं. प्रत्यावर्ती धारेचे पुरस्कर्ते दाब कमी-जास्त करणारी रोहित्रं घेऊन तेच करू लागले, तेव्हा उच्च दाब जीवघेणा म्हणून सर्वात मोठा विरोध केला तो एडिसननेच.