खातं कुणाच्या हातात?

यवतमाळ जिल्ह्यातल्या किराणा दुकानांच्या काउंटरवर आज तीन गोष्टी शेजारी शेजारी दिसतात: बरणीला चिकटवलेला क्यूआर कोड, पैसे जमा झाले की मोठ्याने सांगणारा साउंडबॉक्स आणि लाल कापडी पुठ्ठ्याची उधारीची वही. पहिल्या दोन गोष्टींबद्दल तुम्ही बरंच वाचलं असेल. मला तिसरीबद्दल बोलायचंय. मोबाइलने आमच्याकडच्या दुकानात नेमकं काय बदललं, हे या वहीचा इतिहास पाहिल्याशिवाय कळत नाही.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, काम मुख्यतः डेटाबेसचं. घर दारव्हा तालुक्यात, शेती कापसाची. आमच्याकडे पैसा दर महिन्याला येत नाही. जूनमध्ये पेरणी होते आणि पहिला वेचा दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतो. मधल्या महिन्यांतलं तेल, मीठ, चहापत्ती, पोरांच्या वह्या सगळं एका वाक्यावर घरी येतं: "लिहून ठेवजा भाऊ, कापूस निघाला का देतो." तेवढे दिवस दुकानदार हीच आमची बँक असते.

कापूस आणि उधारीची ही गाठ जुनी आहे. १८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना आणि आमच्या काळ्या मातीला एकदम भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे बडनेरा-वर्ध्यावरून नागपूरला पोहोचली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळचा कापूस मूर्तिजापूरला न्यायला किलिक निक्सन कंपनीने छोटी लाईन टाकली, तीच आपली 'शकुंतला'. दरम्यान १८७० मध्ये समुद्राखालच्या तारेने मुंबई इंग्लंडशी जोडली गेली होती. लिव्हरपूलचा भाव बड्या व्यापाऱ्यांना झटपट कळू लागला. शेतकऱ्याला मात्र व्यापारी सांगेल तेवढाच कळे. दळणवळणाची पहिली क्रांती आली, पण ती काउंटरच्या आतल्या बाजूलाच थांबली.

१८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं आणि भाव कोसळले. पुढे काही भागांत सरकारने शेतसारा वाढवला, आणि कर्जं होती तशीच राहिली. याचा भडका पुणे जिल्ह्यात उडाला. १२ मे १८७५ रोजी सुपे गावात, ऐन बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. पुढच्या काही आठवड्यांत पुणे-नगर भागात जिथे जिथे दंगे झाले, तिथे लोकांचा मुख्य रोख कागदांवर होता. कर्जरोखे आणि वह्या बाहेर काढायच्या आणि जाळायच्या.

वह्याच का, हे मला माझ्या कामामुळे लगेच कळतं. त्या नोंदीची प्रत एकच होती, लिहिण्याचा अधिकार एकालाच होता आणि दुसऱ्या पक्षाला ती वाचताही येत नव्हती. सावकार प्रामाणिक असला तरी अशा हिशेबातून संशय निघणारच.

सरकारलाही ते कळलं होतं. १८७९ मध्ये आलेल्या डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्टने शेतकऱ्याला दिलेल्या पैशाची लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि स्वतःकडे ठेवायला पासबुक मागण्याचा हक्क दिला. कायदा सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता होता. वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हता, त्यामुळे आमचा शेतकरी त्याच्या बाहेरच राहिला. शिवाय ज्याला अक्षरओळख नाही, त्याने पासबुक घेऊन करायचं काय?

आता मोबाइलकडे येऊ. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ चा. २००३ नंतर इनकमिंग फुकट झालं, हँडसेट स्वस्त झाले आणि फोन खेड्यांत पसरायला लागला. तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता भाव कळेल आणि शेतकरी मोकळा होईल. त्या आशेला आधारही होता. केरळच्या मच्छिमारांवरचा रॉबर्ट जेन्सनचा २००७ चा अभ्यास गाजला. फोनवर भाव विचारून होड्या योग्य बंदराकडे वळू लागल्या आणि मच्छिमारांचा नफा वाढला. त्याच वर्षी महाराष्ट्रात 'रॉयटर्स मार्केट लाइट' ही सेवा सुरू झाली. बाजारभाव आणि हवामान शेतकऱ्याच्या फोनवर एसएमएसने यायचं. पण फाफशाँ आणि मिंटेन या अर्थतज्ज्ञांनी राज्यातल्या शंभर गावांत तिचा अभ्यास केला, तेव्हा शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावात ठोस वाढ दिसली नाही. हा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

असं का झालं असावं? माझा अंदाज आमच्या गावावरून बांधलेला आहे. भाव कळणं वेगळं आणि जिथे भाव जास्त तिथे माल नेता येणं वेगळं. ज्याच्याकडून बियाणं आणि किराणा उधार घेतला, त्याचं खातं आधी मिटवावं लागतं. होडी वळवता येते, उधारी वळवता येत नाही.

खरा बदल २०१६ मध्ये आला. ११ एप्रिलला यूपीआयची घोषणा झाली, ५ सप्टेंबरला जिओ आलं आणि ८ नोव्हेंबरला नोटाबंदी. सात महिन्यांत व्यवहाराची नवी वाट, स्वस्त इंटरनेट आणि रोकडीची टंचाई एकत्र आली. ऑगस्ट २०२५ मध्ये देशातले यूपीआय व्यवहार पहिल्यांदाच महिन्याला २,००० कोटींच्या पुढे गेले. त्याच काळात ओकेक्रेडिट, खाताबुक यांसारखी उधारीची ॲप्स आली. दुकानदाराने उधारी टाकली की गिऱ्हाइकाच्या फोनवर मेसेज येतो. १८७९ च्या कायद्यातलं पासबुक असं, जवळजवळ दीडशे वर्षांनी, खिशात आलं. नोंदीच्या दोन प्रती झाल्या. माझ्या मते मोबाइलने दुकानात केलेला हा सगळ्यात मोठा बदल आहे.

मग लाल वही अजून का आहे? कारण तिला थांबता येतं. २०१७ मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. तशा वर्षी दुकानदार शेताकडे बघतो, घराकडे बघतो आणि खातं पुढच्या हंगामात ओढतो. ॲपची आठवण मात्र ठरल्या तारखेला जाते. ऑनलाइन दुकानंही आता हप्ते देतात, पण तो हप्ता दर महिन्याला भरावा लागतो. त्यांना पगार समजतो, पेरणी समजत नाही.

इथेच मला काळजी वाटते. गावातले पगारदार आणि शहरातून घरी पैसे पाठवणारी आमची पिढी रोखीची खरेदी फोनवरून करू लागली आहे. बूट, मिक्सर, आता साबण-तेलसुद्धा. दुकानाकडे उरतो तो उधारीचा गिऱ्हाईक. पण दुकानदार पाच महिने उधारी पेलतो ती रोखीच्या धंद्याच्या जोरावर. रोख गिऱ्हाईक गेला तर उधारी कोण देणार?

एक उत्तर आधीच दारात उभं आहे: पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप्स. त्यातल्या काहींनी फोनमधले नंबर काढून नातेवाइकांना धमक्या दिल्या. २ सप्टेंबर २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जाचे नियम काढले. बँका आणि वित्तसंस्थांच्या वतीने कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधल्या नंबरांना हात लावू नये आणि कर्जाचा एकूण खर्च आधीच स्पष्ट सांगावा, असं त्यांत आहे. तरी अनेक ॲप्सच्या अटी लांबलचक इंग्रजीत असतात आणि आपण 'आय अॅग्री' दाबून मोकळे होतो. सुप्याच्या शेतकऱ्याचा अंगठा याहून फार वेगळा नव्हता.

ही ॲप्स माझ्यासारखेच लोक लिहितात, म्हणून दोन गोष्टी मला आमच्याच क्षेत्राकडे मागायच्या आहेत. अटी मराठीत, मोठ्या अक्षरांत आणि एका पानात मावतील एवढ्याच असाव्यात. आणि परतफेडीच्या तारखेत 'दर महिन्याची ५' याबरोबर 'कापूस विकल्यावर' हाही पर्याय असावा. डेटाबेसमध्ये त्यासाठी एक रकाना वाढवावा लागेल. तो वाढवायला अर्धा दिवस पुरतो.