कललेल्या खाटेची कुळकथा

मापगावाकडून कनकेश्वराचा डोंगर चढणाऱ्या यात्रेकरूच्या पायांतील रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हृदयाकडे परत न्यावे लागते, आणि हे काम पोटऱ्यांचे स्नायू व शिरांतील झडपा इतक्या मुकाट्याने बजावतात की मनुष्याच्या ते ध्यानीही येत नाही. त्याच कनकेश्वरी, तत्कालीन कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, 1936 च्या सुमारास कैवल्यधामाचे आध्यात्मिक केंद्र स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद यांनी त्यापूर्वीच, 1924 साली लोणावळ्यास आपली संस्था आणि ‘योगमीमांसा’ त्रैमासिक सुरू करून, हठयोगातील पाय वर व डोके खाली करण्याची विपरीत आसने प्रयोगशाळेत आणली होती व त्या आसनांत रक्तदाब कसा पालटतो याची मोजदाद आरंभिली होती.

परंतु आसन काही मिनिटांचे, आणि शरीराचा अंतर्गत कारभार पालटावयास दिवस लागतात. अंतराळयुग उजाडल्यावर वजनरहित अवस्थेची जमिनीवरच दीर्घकाळ नक्कल करता यावी म्हणून संशोधकांनी माणसास पाण्यात ठेवण्याची तजवीज केली. कारण मांडव्याच्या समुद्रात गळ्याइतक्या पाण्यात उभे राहिले असता जसे घडते तसेच पाण्याच्या दाबाने पायांतील रक्त छातीत सरते, हृदयाचे कप्पे ताणले जातात आणि देह रक्त अधिक झाले असे समजून मूत्रावाटे पाणी टाकू लागतो. मात्र भिजलेली त्वचा फार दिवस तग धरीत नाही.

मार्ग निघाला तो एका तक्रारीतून. उड्डाणाहून परतलेले सोव्हिएत अंतराळवीर सपाट बिछान्यावर निजले असता आपण पायथ्याकडे घसरत आहोत असे सांगत. तेव्हा पायथा उंच करण्यात आला, आणि 1970 च्या दशकात त्यातूनच डोके 6 अंश खाली ठेवणाऱ्या खाटेचा प्रघात पडला. सिद्धांताआधी देहाची साक्ष ग्राह्य धरली गेली, यास्तव मला ही जन्मकथा विशेष मोलाची वाटते.

या खाटेवर आठवडेच्या आठवडे निजून राहणाऱ्या स्वयंसेवकाचा चेहरा प्रथम सुजतो, पाय कृश होतात, रक्तद्रव घटतो, आणि पुन्हा उभे राहताच ते उणावलेले रक्त पायांत उतरून त्यास घेरी येऊ शकते. तथापि खाटेवरही छातीकडून पाठीकडे गुरुत्वाकर्षण ओढीतच असते, आणि म्हणून तिची साक्ष पूर्ण मानता येत नाही; प्रत्यक्ष अंतराळातील देहही तपासावा लागतो. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत अंतराळात राहिलेल्या 11 जणांपैकी 6 जणांच्या मानेतील डाव्या शिरेत रक्त थबकलेले किंवा उलट वाहताना आढळले, आणि एकाच्या त्या शिरेत गुठळीही सापडली.