चैत्रगौरीची आरास आणि नांवाचीं भांडीं

चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांत गौर झोपाळ्यावर बसते. ह्या महिन्यांत एखादा सोईचा दिवस, बहुधा मंगळवार किंवा शुक्रवार, पाहून गृहिणी तिच्यापुढें आरास मांडते, चैत्रांगण रेखाटते आणि शेजारपाजारच्या सुवासिनींस हळदीकुंकवाला बोलावते. पायऱ्या रचून त्यांवर धुतलेलें वस्त्र आंथरावें, मध्यभागीं अन्नपूर्णेचा लहानसा झोपाळा असावा, कमळासारखें कातरलेलें कलिंगड, कैरीची डाळ, पन्हें आणि ओटीचे भिजविलेले हरभरे खालच्या पायरीवर यावे, आणि ह्या सर्वांच्या मधून मोगरा, सोनचाफा, दवणा व आंब्याची कोंवळी पालवी डोकवावी, अशी ही मांडणी असते. वसंताचें स्वागत मांडणीनें करण्याची चाल कांहीं एकट्या आपलीच नव्हे. इराणांत नवरोजच्या वेळीं ‘सीन’ ह्या अक्षरानें आरंभ होणाऱ्या सात वस्तु अशाच हौसेनें मांडतात. परंतु आपल्या आराशीची एक गोष्ट निराळी आहे, आणि तिच्याविषयींच मला आज बोलावयाचें आहे. ती गोष्ट म्हणजे ह्या फुलांच्या आणि खाद्यपदार्थांच्या खालीं असलेलीं जुनीं भांडीं.

आपल्याकडील मोठीं जेवणें पानावर होत. सवाई माधवराव पेशव्यांचें लग्न १७८३ सालीं झालें, त्या वेळच्या व्यवस्थेची नाना फडणिसांची याद प्रसिद्ध आहे. पंगतीची व्यवस्था कशी असावी ह्याचा तींत बारकाईनें विचार केलेला दिसतो. पेशव्यांची पंगत असो कीं गांवजेवण असो, जेवणारापुढें केळीचें पान किंवा पत्रावळ यावयाची आणि जेवण संपतांच ती उचलून टाकावयाची. त्यामुळें समारंभांत घरचें भांडें पाहुण्याच्या नजरेस नीट पडावें असा प्रसंग विरळाच. हळदीकुंकू हा तसा प्रसंग होय. येथें पंगत नाहीं, वाढपी नाहींत; येथें तबक आहे, घंगाळ आहे, अत्तरदाणी आणि गुलाबदाणी आहे, आणि पन्हें प्यावयास ओठ बाहेर वळलेलें फुलपात्र आहे. मांडणारी स्त्री आणि पाहणाऱ्याही स्त्रिया. कोणत्या घरीं काय आहे, तें कोठून आलें, कोणाच्या माहेरचें, हें सर्व त्या तासाभरांत न विचारतां कळतें.

ह्या आराशींत फुलदाणी मात्र फार उशिरां आली, आणि त्याचें कारण साधें आहे. आपलीं पूजेचीं फुलें देठासकट खुडण्याचीं नव्हेत. मोगऱ्याची कळी सायंकाळीं तोडावी, ती रात्रीं उमलते. तिला उभी ठेवावयास दांडा कोठून आणणार? तिला पसरट तोंडाचें आणि थंड पाणी धरणारें पात्र हवें. म्हणून आपल्या घरांत फुलांचें भांडें म्हणजे घंगाळ, परात किंवा तबक. चिनी मातीच्या वस्तूंनाही ह्या पायऱ्यांवर सहजासहजीं जागा मिळाली नाहीं. लोणच्याची बरणी चालली, पण कपबशी चालेना. धातु राखेनें व चिंचेनें घांसून शुद्ध होतो, मातीचें भांडें एकदां विटाळलें कीं विटाळलें, अशी समजूत होती. १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें चहा घेतल्यावरून रानडे, टिळक ह्यांच्यासारख्यांवर केवढें ग्रामण्य उठलें हें आपणांस ठाऊकच आहे. ज्या शहरांत एका पेल्यावरून प्रायश्चित्तापर्यंत मजल गेली, तेथें गौरीपुढें तांबें, पितळ, कांसें आणि ऐपत असल्यास रुपें, एवढेंच असावयाचें.

आतां ह्यांतही एक अडचण होती. वसंताचे आपले दोन्ही मुख्य पदार्थ, डाळ आणि पन्हें, कैरीचे, म्हणजे आंबट. तांब्यापितळेच्या उघड्या भांड्यांत आंबट पदार्थ ठेवला कीं तो कळकतो. चव बिघडते आणि पोटासही अपाय होतो. म्हणून हळदीकुंकवापूर्वीं भांड्यांना कल्हई हवीच. कल्हईवाला अंगणांत खड्डा खणी, भात्यानें कोळसे फुलवी, भांडें तापलें कीं त्यांत नवसागराची पूड टाकून मळ काढी, कथलाची कांडी टेकवी आणि कापसाच्या बोळ्यानें ती वितळलेली धातु झपाट्यानें सर्वत्र पसरवी. क्षणापूर्वीं काळवंडलेलें पातेलें पाण्यांत बुडून चर्र आवाज करीत बाहेर येई तें आंतून रुप्यासारखें. भांडें घडविणाऱ्या तांबटांची वस्ती पुण्यास कसबा पेठेंत आहे. तांबट आळींतून एकेकाळीं ठोक्यांचा नाद अखंड येत असे. आज तो क्षीण झाला आहे, बंद मात्र पडलेला नाहीं.

परंतु भांड्याची खरी किंमत ठोक्यांत नसून गळ्याखालच्या किंवा कांठाजवळच्या एका ओळींत आहे. तेथें बारीक छिन्नीनें ठिपक्याठिपक्यांचीं बाळबोध अक्षरें काढलेलीं असतात. पुष्कळदां घरांतील कर्त्या पुरुषाचें नांव असतें, कधीं नुसतीं आद्याक्षरें. लग्नांत, डोहाळजेवणांत आलेल्या भांड्यांवर मात्र स्त्रीचें नांव सांपडतें: अमकीस मामाकडून, तमकीस आजीकडून, आणि पुढें शक. जुन्या दप्तरांतून वतनें, सनदा, मोहिमा, कर्जें ह्यांचे ढीगच्या ढीग कागद निघाले. त्यांत सामान्य घरच्या बायकोचें नांव किती वेळां येतें? तिचें नांव कागदावर नाहीं, घराच्या दारावर नाहीं, लग्नांत तेंही बहुधा बदललेलें. तें टिकलें तें पितळेवर. माझ्या मतें आराशीचीं हीं भांडीं म्हणजे आमच्या स्त्रियांचें दप्तर होय.

आणि हें केवळ भावनेचें बोलणें नव्हे. मनुस्मृतींत स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले आहेत. विवाहाग्नीसमोर दिलेलें, सासरीं जातांना मिळालेलें, प्रीतीनें दिलेलें, आणि माता, पिता व बंधु ह्यांनीं दिलेलें. मिताक्षरेनें ही व्याख्या आणखी विस्तृत केली. जमीन, घर, रोकड ह्यांवर जिचा हात पोहोंचत नसे, तिच्या स्वतःच्या मालकीच्या ज्या थोड्या वस्तु, त्यांत हीं भांडीं येत. १९३७ च्या कायद्यानें विधवेस पतीच्या मिळकतींत मर्यादित हक्क मिळाला आणि १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें स्त्रीची मालकी पूर्ण झाली. तोंपर्यंत भांड्यावर घातलेलें नांव हा तिच्या हक्काचा एक दिसणारा पुरावा होता. ह्याची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. हळदीकुंकू सुवासिनींचें. कपाळींचें कुंकू गेलें कीं स्त्री त्या दिवसापासून ह्या समारंभांतून उठली. ती आंतल्या खोलींत बसे. तिच्या नांवाचें घंगाळ मात्र सुनेच्या हातून दरवर्षीं गौरीपुढें येत राही, मोगऱ्यानें भरून. भांड्यास जो मान होता तो धनिणीस नव्हता.

ह्या दप्तराचा नाश कसा झाला तें थोडक्यांत सांगतों. मद्रासेस आल्फ्रेड चॅटर्टन ह्यांच्या प्रयत्नानें १८९८ सालीं ॲल्युमिनियमच्या भांड्यांचा धंदा सुरू झाला. आपल्या बायकांनीं त्या धातूस ‘जर्मन’ असें नांव ठेवलें. तो हलका व स्वस्त खरा, पण गौरीपुढें कोणी त्याला मानानें बसविला नाहीं. खरा घाव घातला तो १९५० नंतरच्या दशकांत घरोघर शिरलेल्या स्टेनलेस स्टीलनें. त्याला कल्हई नको, चिंच नको, कैरीनें तें कळकत नाहीं. ज्या बाईनें जन्मभर राखेनें हात झिजविले तिनें तें आनंदानें घेतलें ह्यांत मी तिला दोष देणार नाहीं. पण त्याच्या बदल्यांत जुनें पितळ मोडीच्या भावानें तराजूंत पडलें, आणि मोडीच्या तराजूस अक्षरें वाचतां येत नाहींत.

इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनीं जुन्या कागदांसाठीं गांवोगांव पायपीट केली आणि १९१० सालीं भारत इतिहास संशोधक मंडळ उभें राहिलें. भांड्यांसाठीं तशी पायपीट करणारा एक मनुष्य पुण्यास निघाला. ‘अज्ञातवासी’ ह्या नांवानें कविता लिहिणारे दिनकर केळकर ह्यांनीं दिवे, अडकित्ते, करंडे, स्वयंपाकाचीं भांडीं जन्मभर वेंचलीं, बालपणींच गेलेल्या आपल्या राजा ह्या मुलाचें नांव त्या संग्रहास दिलें आणि १९७५ सालीं तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यांचे उपकार फार मोठे आहेत. तरी संग्रहालयाच्या कपाटांत जातां जातां भांड्याचें एक अंग सुटतें: तें कोणाच्या हातून कोणाच्या हातीं गेलें, हें सांगणारी सासू तेथें नसते. ती घरींच असते, आणि तीही फार दिवस नसते.

म्हणून ज्यांच्या घरीं अजून आरास मांडतात त्यांना एक सुचवावेंसें वाटतें. रोजच्या वापराचीं भांडीं घांसून घांसून गुळगुळीत होतात, त्यांवरचीं अक्षरें पुसतात. आराशीचीं वर्षांतून एकदां निघतात म्हणून त्यांचीं शाबूत असतात. फुलें मांडण्यापूर्वीं अक्षरांवर पातळ कागद धरून शिसपेन्सिल हलकेच घांसावी, ठसा उमटतो. शकांत अठ्ठ्याहत्तर मिळविले कीं इसवी सन मिळतो. जानेवारी लागल्यानंतरची पौष, माघ किंवा फाल्गुनांतील तिथि असेल तर एकोणऐंशी मिळवावे. शक नसून जांवयास अधिक मासांत दिलें एवढेंच लिहिलें असेल, तर महिना पाहावा: एकच महिना अधिक म्हणून बहुधा एकोणीस वर्षांनीं पुन्हां येतो, जसा अधिक श्रावण २००४ सालीं आला आणि २०२३ सालीं आला. मग त्या कागदाच्या मागें घरांतील वडील स्त्रीस विचारून लिहावें कीं ही कोण, हिचें माहेर कोणतें, आणि लग्नापूर्वीं हिला कोणत्या नांवानें हाक मारीत. एवढें झालें कीं घंगाळांत पाणी भरावें आणि कळ्या सोडाव्या. मंडळी येईपर्यंत त्या उमलूं लागतात.