ओट्यातील हॉब-कापणी

बसक्या शेगडीसाठी (हॉब) स्वयंपाकघरातील दगडी ओट्यात खाच पाडण्याचे काम. महाराष्ट्रातील ओटे बहुधा ग्रॅनाइटचे, जुन्या घरांत कडप्प्याचे. ६० सेंमी. रुंदीच्या हॉबला साधारण ५६ × ४९ सेंमी.ची खाच लागते. तरी हॉब हातात आल्याशिवाय दगडाला कटर लावू नये. ओट्याला खालून आधार देणारा उभा कडप्पा खाचेच्या रेषेत येतो का, तेही आधी पाहावे.

कोपरे काटकोनी ठेवल्यास ताण तिथेच एकवटतो आणि तडा जातो. म्हणून कोपऱ्यांवर आधी गोल भोके पाडून मग हिराकणी पात्याने सरळ काप जोडतात. खाचेपुढची अरुंद पट्टी सर्वांत नाजूक. कापताना तिला खालून टेकू हवा. कडप्पा थरांचा चुनखडक असल्याने त्याचे पापुद्रे सुटतात.

कोरडी कापणी सर्रास चालते, पण ती घातकच. ग्रॅनाइटच्या धुळीतील सिलिकामुळे सिलिकोसिस हा फुप्फुसाचा असाध्य रोग होतो. पाण्याची धार आणि योग्य मास्क आवश्यक. तोंडाला बांधलेला रुमाल कुचकामी. ओट्यासाठीच्या कृत्रिम क्वार्ट्झमध्ये ग्रॅनाइटपेक्षा सिलिका बरीच जास्त असल्याने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदी घातली.