तळटीप : नवजात बाळाची कावीळ

१२. ‘बाळ पिवळं पडलं’ : काशीच्या दुर्गाघाटावरील मराठी घरातली ही तिसऱ्या दिवशीची कावीळ बहुधा नैसर्गिक असावी. जन्मानंतर जादा तांबड्या पेशी मोडतात. त्यातून निघणारे बिलिरुबिन अपक्व यकृताला झपाट्याने बाहेर टाकता येत नाही. पूर्ण दिवसांच्या बाळात ती साधारण दोन आठवड्यांत ओसरते. आजीने दाखवलेले कोवळे ऊन अगदीच निराधार नव्हते : १९५८ मध्ये इंग्लंडच्या क्रेमर आणि सहकाऱ्यांनी प्रकाशाने बिलिरुबिन घटते, हे प्रसिद्ध केले. मात्र उपचार रुग्णालयातील निळ्या प्रकाशाचाच. उन्हावर विसंबू नये. पहिल्या २४ तासांतच पिवळेपणा दिसला, तळपाय पिवळे झाले किंवा बाळ दूध ओढेनासे झाले, तर तत्काळ डॉक्टरांना दाखवावे. विलंबाने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. — संपादक