घरगुती सौर बंब : प्रकार आणि निवड

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात शिर्डी येथील साई प्रसादालयात २००९ साली ७३ सौर तबकड्यांच्या साहाय्याने वाफेवर अन्न शिजविण्याची यंत्रणा उभारण्यात आली. घरगुती सौर बंबाची रचना त्याहून पुष्कळ साधी आहे. त्याचे मुख्य प्रकार दोन.

१) सपाट पट्टीचा बंब : काचेखालील काळ्या पत्र्यास जोडलेल्या तांब्याच्या नळ्यांत पाणी तापते. हा टिकाऊ, परंतु महाग असतो.

२) निर्वात नळ्यांचा बंब : दुहेरी काचेमधील निर्वात पोकळी उष्णता बाहेर जाऊ देत नाही. हा स्वस्त व थंडीत उपयुक्त. मात्र नळ्या फुटण्याचा संभव असतो.

सामान्यतः दोहोंत तापलेले पाणी हलके होऊन आपोआप टाकीत चढते. पंप लागत नाही. तीन-चार माणसांस १०० लिटरचा बंब पुरतो.

बोअरच्या जड पाण्याचे क्षार नळ्यांत साचतात आणि पहिल्या प्रकारच्या अरुंद नळ्या तर चोंदतात. अशा ठिकाणी हीट एक्स्चेंजर असलेला संच घ्यावा. त्यात वापराचे पाणी नळ्यांत शिरतच नाही. म्हणून आम्ही वाचकांस सुचवितो, की किंमत विचारण्यापूर्वी आपल्या पाण्याची तपासणी करून घ्यावी.